झूराकान एजेंची साथ

चाट-बुलाक या डोंगरातल्या गावात कुणाचं पोट बिघडलं, की तो माणूस आधी गल्ली बदलायचा. दवाखान्याचा सरळ रस्ता झूराकान एजेंच्या, म्हणजे गावाच्या थोरल्या ताईंच्या, दारावरून जाई, आणि एजे नुसत्या चालण्यावरून ओळखायच्या. मग दारातच उलटतपासणी. काल काय खाल्लंस, कुणाच्या घरी, पंगतीला किती जण होते, पाणी कुठलं, हात धुतले होतेस का, खरं सांग. चौतीस वर्षं त्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात साथीच्या रोगांचा माग काढण्याच्या कामावर होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण चौकशीतून नाही. एकदा एका लग्नात त्यांनी शिजलेलं मांस पातेल्यासकट खड्ड्यात पुरायला लावलं होतं, कारण गाय कशानं मेली ते कुणी धड सांगेना. नवरदेवाचा बाप त्यानंतर एकोणीस वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.

"बोलेना का," एजे म्हणायच्या. "जिवंत आहे ना?"

निवृत्तीनंतर तालुका कचेरीनं त्यांना बोलावून घेतलं. कारण साधं होतं. अख्ख्या गावात दहाही बोटांनी, न चुकता टाइप करणाऱ्या त्या एकट्याच होत्या. कचेरीत कुठल्याशा परदेशी मदतीतून आलेले सात संगणक होते आणि लोक त्यांच्यापुढे बसायला बिचकत होते. एजे आयुष्यभर गोवर-हगवणीपुढे बसलेल्या, त्या काय बिचकणार.

इंटरनेट होतं म्हणायचं. टेलिफोनच्या तारेवरून एक फोटो यायला मटण शिजण्याइतका वेळ लागे, आणि खिंडीतून वारा सुटला की मटण शिजे पण फोटो येत नसे. म्हणून दर शुक्रवारी एजे लाल लोकरीच्या दोरीनं गळ्यात पेन ड्राइव्ह अडकवून गावभर फिरायच्या. सकाळी शाळा, मग दवाखाना, दुपारी जनावरांचा दवाखाना, शेवटी वाचनालय. तिथला अहवाल उतरवून घ्यायचा, कचेरीचं नवं परिपत्रक त्यांच्या संगणकात ठेवायचं, मिळाला तर दूध घातलेला चहा घ्यायचा आणि पुढं निघायचं. घरी आल्यावर त्या स्पिरिटच्या बोळ्यानं पेन ड्राइव्ह पुसून ठेवत. गावात तेवढा स्वच्छ पेन ड्राइव्ह दुसरा नव्हता.

दोन हजार नऊ सालच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, तालुकाप्रमुख शेरगाझीनं एजेंना आपल्या खोलीत बोलावलं आणि आतून कडी लावली. शेरगाझी पन्नाशीचा, पोटाचा घेर सांभाळून असलेला गृहस्थ. त्याला पहिली लस एजेंनीच टोचली होती आणि तेव्हा तो जिन्याखाली लपला होता, हे दोघांच्याही लक्षात होतं. चारचौघांत एजे त्याला साहेब म्हणत. आता चारचौघं नव्हती.

"एजे, कुणाला सांगू नका," असं म्हणून त्यानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर दोन बायका होत्या आणि थंडीचे दिवस असूनही त्यांच्या अंगावर काही नव्हतं. खाली लिहिलं होतं, की तुमचा संगणक बंद करण्यात आला आहे, उघडायचा असेल तर अमुक नंबरावर मेसेज पाठवा. कुठलंही बटण दाबलं तरी बायका हलत नव्हत्या.

एजेंनी चष्मा नीट केला. असल्या गोष्टी दाबून ठेवायची त्यांना सवय होती. गावातल्या निम्म्या संसारांची गुपितं त्यांच्या पोटात होती.

"कुठं गेला होतास?"

"कुठं जाणार? इथंच होतो."

"सगळे असंच म्हणतात. कुणाकडून आलं?"

"एजे, मी कामाचं बघत होतो."

"शेरगाझी, मी कागदावर नाव लिहिणार नाहीये. काय उघडलंस ते सांग."

मग कळलं ते असं. साहेब एक कुस्तीची चित्रफीत बघायला गेले. ती दिसायला आधी एक छोटा प्रोग्राम उतरवून घ्या, असं तिथं लिहिलं होतं. साहेबांनी 'हो' म्हटलं. पुढं आणखी दोनदा विचारलं, तेव्हाही 'हो' म्हटलं.

"तीनदा दार उघडून आत घेतलंस," एजे म्हणाल्या, "आणि वर म्हणतोस, चोर कुठून आला."

त्यांनी शाळेतून बेगिमायला बोलावलं. बेगिमाय शाळेत संगणक शिकवायची. सव्वीस वर्षांची, कमी बोलणारी आणि बोलली तर टोचेल असं बोलणारी मुलगी. तिनं पडद्याकडे एकदा आणि साहेबांकडे एकदा पाहिलं, कुणालातरी फोन लावून एक आकडा विचारला, तो टाकला आणि बायका निघून गेल्या.

"कुस्ती छान होती का?" तिनं साहेबांना विचारलं.

त्याच दुपारी शेरगाझीनं एकेचाळीस नंबरचा हुकूम काढला. आजपासून तालुक्यात संगणकीय विषाणूंना बंदी आहे, आणि त्यांचा समूळ नायनाट करण्याची जबाबदारी झूराकान एजेंवर सोपवण्यात येत आहे. हुकूम शुक्रवारच्या फेरीत एजेंनीच चार ठिकाणी पोचवला. अर्थात पेन ड्राइव्हवरून.

काम हाती येताच एजे दहा वर्षांनी तरुण झाल्या. बेगिमायला घरी बोलावून त्यांनी तिच्यापुढं बोरसोकांची, कणकेच्या तळलेल्या फुगऱ्या तुकड्यांची, परात ठेवली. त्यांचा पहिला प्रश्न होता, रोग एक आहे की अनेक?

"अनेक," बेगिमाय म्हणाली. "साहेबांना झाला तो वेगळा. तो चांगल्या माणसाचा वेष घेऊन येतो आणि आपण त्याला आत घेतो. स्वतःहून दुसऱ्याकडे जात नाही."

"बरं. म्हणजे लाजेचा रोग, साथीचा नाही. आणि पोस्टातल्या बाईचं काय? तिच्याकडून सगळ्यांना पत्रं गेली म्हणे, 'हा तुझा फोटो बघ' म्हणून."

"तिनं असंच एक पत्र उघडलं. फोटो नव्हताच, आत किडा होता. त्यानं तिच्या यादीतली सगळी नावं काढली आणि तिच्याच नावानं सगळ्यांना पत्रं धाडली."

"म्हणजे चहाडीसारखं. ओळखीच्या तोंडून आलं म्हणून खरं वाटतं." एजेंनी लिहून घेतलं. "आणि कचेरीतले साती संगणक एकदम आजारी पडले, तेव्हा तर कुणी कशाला हातही लावला नव्हता."

"तो तारेतून गेला, एजे. सातही एकमेकांना जोडलेत ना. एकाला झाला की तो बाकीच्यांची दारं हलवून बघतो. ज्याची कडी मोडकी, त्याच्यात शिरतो. माणसाची गरजच नाही. कंपनीनं कडी दुरुस्त करून द्यायचं सामान वर्षापूर्वीच पाठवलंय, पण आपल्या तारेवरून ते उतरायला तीन दिवस लागतात, आणि तोवर कुणीतरी फोन करतं आणि सगळं तुटतं."

"हवेतून पसरणारा," एजे समाधानानं म्हणाल्या. "एक खोकला की खोलीभर. आधीच टोचून घेतलं असतं तर झाला नसता." मग त्यांनी पेन्सिल थांबवली. "पण तू विषाणूही म्हणतेस आणि किडाही म्हणतेस. फरक काय?"

बेगिमायनं जरा विचार केला. "विषाणू दुसऱ्याच्या अंगावर बसून जातो. फाइल गेली तर हा गेला. गोचीड मेंढीबरोबर जाते तसं. किडा स्वतःच्या पायांनी जातो."

आता उरलं ते सगळ्यांत जास्त पसरलेलं दुखणं. शाळा, दवाखाना, जनावरांचा दवाखाना, वाचनालय. चारी ठिकाणी लक्षण एकच. आपले फोल्डर नाहीसे व्हायचे आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे, त्याच पिवळ्या रंगाचे तोतये यायचे. तोतयावर बोट दाबलं, की आपलं सामान दिसायचंही, म्हणून कुणाला संशय येत नसे. पण त्या दाबण्यातच किडा जागा व्हायचा. हे पेन ड्राइव्हवरून पसरतं, बेगिमाय म्हणाली. नुसता खुपसला तरी पुरे. संगणक आपण होऊन त्याला उघडतो.

"हातांचा रोग," एजे म्हणाल्या. हा त्यांचा प्रांत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराघरांत, कचेरी-कचेरीत फिरू लागल्या. कुणाचा पेन ड्राइव्ह घेतलास, कुणाला दिलास, मध्ये कुठं ठेवला होतास? लोक पूर्वीसारखेच खोटं बोलत. दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, मी फक्त वैद्यकीय माहिती घेतो. त्यांच्या पेन ड्राइव्हवर लग्नातली एकशेचाळीस गाणी निघाली. एका नर्सनं घाबरून आपला पेन ड्राइव्ह उकळत्या पाण्यात टाकला. त्यातला किडा मेला, हे खरं.

एजेंचा संशय मात्र जनावरांच्या डॉक्टरवर, एसेनकुलवर, बसला. माणूस पंचावन्नचा, बोलायला मोकळाढाकळा. तो डोंगरातल्या मेंढपाळांच्या तळांवर हिंडायचा, ज्याच्या-त्याच्या पोरांच्या लग्नाच्या चित्रफिती घेऊन यायचा आणि वाटायचा. हात न धुता जेवायचा ते वेगळंच. बुधवारच्या बैठकीत एजे उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साथीचा उगम एसेनकुल आहे."

एसेनकुलनं टोपी काढली, परत घातली. "एजे, मी मेंढ्यांची खरूज पसरवली म्हणालात तर ऐकून घेईन. पण हे मला येतच नाही."

"पसरवायला यावं लागत नाही," एजे म्हणाल्या. हे वाक्य पुढं त्यांना फार दिवस आठवत राहिलं.

एसेनकुलचा पेन ड्राइव्ह जप्त झाला. हॉटेलात लोक त्याच्या शेजारी बसताना आपले फोन खिशात घालू लागले. शेरगाझीनं गुरुवारी लगेच जिल्ह्याला अहवाल धाडला, की साथीचा उगम सापडला असून विषाणूचा पराभव करण्यात आला आहे, आणि झूराकान एजेंना सन्मानपत्र मिळावं अशी शिफारस आहे. अहवाल टाइप केला एजेंनी. पाठवायला कचेरीचा अधिकृत पेन ड्राइव्ह हवा होता. एजेंनी दोरी गळ्यातून काढून जिल्ह्याला निघालेल्या ड्रायव्हरच्या हातात दिली. शनिवारी त्यानं ती परत आणून दिली.

एजेंना जेवण जाईना. आरोपी सापडला होता, पण तक्ता पुरा झाला नव्हता, आणि अपुरा तक्ता त्यांनी आयुष्यात कपाटात ठेवला नव्हता. रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या मेजावर मोठा कागद पसरला आणि प्रत्येक ठिकाणी पहिलं लक्षण कधी दिसलं ते घड्याळासकट लिहिलं. शाळा, शुक्रवार, दहानंतर. दवाखाना, शुक्रवार, बारा वाजता. जनावरांचा दवाखाना, शुक्रवार, दोननंतर. वाचनालय, शुक्रवार, चारच्या सुमारास. मग निरोगी राहिलेल्यांची यादी. पिठाची गिरणी. आणि अग्निशमन केंद्र, जिथली माणसं दिवसभर नको ती चित्रं एकमेकांच्या संगणकात घालत बसायची. त्यांचे पेन ड्राइव्ह केंद्राबाहेर जात नसत, कारण ती चित्रं बाहेर नेण्यासारखी नव्हती. आणि एजेही तिथं कधी जात नसत.

एसेनकुल शुक्रवारी दहा वाजता शाळेत गेला होता का? नाही. त्या दिवशी तो डोंगरात होता. मग शाळेत दहा वाजता कोण जातं?

एजेंचा हात गळ्याकडे गेला. चहा गार झाला. त्यांनी कोट चढवला आणि बेगिमायच्या घरी गेल्या. कपडे वाळत घालणाऱ्या बेगिमायपुढं दोरी धरून म्हणाल्या, "हे तपास. मला लक्षण काही नाही, तरी तपास."

बेगिमायनं तपासलं. 

"आहे?"

"आहे. लपून बसलाय. सत्तावीस ऑगस्टपासून."

सत्तावीस ऑगस्टला एजे जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. विषय होता संगणक निरोगी कसे ठेवावेत. वर्ग संपताना शिक्षकानं सगळ्यांना विषाणू मारणारा प्रोग्राम फुकट वाटला होता. तीस माणसं रांगेत उभी होती आणि एकामागून एक आपला पेन ड्राइव्ह त्याच एका संगणकात खुपसत होती. एका सुईनं तीस जणांना टोचणाऱ्या बाईला एजेंनी कामावरून काढलं असतं. त्या दिवशी मात्र त्या रांगेत चौथ्या उभ्या होत्या, आणि गावात परतल्यावर ती लस त्यांनी स्वतः दारोदार दिली होती.

"माझ्या संगणकाला काही झालं नाही, बेगिमाय. एकदाही नाही."

"तुमच्या संगणकाला झालंय, एजे. तुम्ही फोल्डर वापरतच नाही. सगळं पडद्यावरच पसरून ठेवता, म्हणून दिसलं नाही."

सोमवारी त्या वाचनालयात गेल्या. वाचनालयाची देखभाल आयिमकान करायची. दोघी एका वयाच्या, एका वर्गातल्या. आयिमकान पूर्वी निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होती आणि तिच्या हाताला अशी चव होती, की मास्तरसुद्धा पोरांच्या पंगतीत बसायचे. एक्याऐंशी साली शाळेत विषमज्वर आला. एकोणीस मुलं आडवी झाली. एजेंनी तीन आठवडे माग काढला आणि तो आयिमकानपाशी जाऊन थांबला. तिला स्वतःला ताप नव्हता, काहीच नव्हतं. रोग तिच्या पोटात राहून दुसऱ्यांना होत होता. एजेंनी नियमाप्रमाणे केलं. तिला स्वयंपाकघरातून काढलं, दारावर नोटीस लावली, नोटिशीत नाव लिहिलं. मुलं बरी झाली. आयिमकानकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी चहाला गेलं नाही. औषध दिल्यावर, सहा वेळा तपासल्यावर ती निर्दोष ठरली, पण त्याची नोटीस कुणी लावली नाही. एजे दर शुक्रवारी वाचनालयाचा अहवाल घेत, तो उभ्या-उभ्या.

"आज सोमवार आहे," आयिमकान म्हणाली. अठ्ठावीस वर्षं ती एजेंना तुम्ही म्हणत आली होती. "तुम्ही चुकून आलात का?"

"चुकून नाही." एजे खुर्चीत बसल्या. "साथ मी पसरवली. एसेनकुलनं नाही. माझ्या गळ्यातून गेली. सगळीकडे मीच दिली."

आयिमकाननं हातातलं पुस्तक फळीवर ठेवलं. खिडकीशी जाऊन किटलीखाली विस्तव लावला. पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला ताप आला होता का?"

"नाही."

"मलाही आला नव्हता."

पाणी उकळलं. मग आयिमकाननं दोन वाट्या मांडल्या, चहा ओतला, नान रोटीचा तुकडा मोडून पुढं ठेवला.

"मी तेव्हा जे केलं," एजे म्हणाल्या, "ते करायलाच हवं होतं. मुलं मेली असती."

"करायलाच हवं होतं. मी कधी नाही म्हटलं?"

"पण नाव लिहायची गरज नव्हती."

"ती नव्हती." आयिमकान समोर बसली. "चहा घे. गार झाला की तू तो टाकून देतेस, शाळेपासूनची खोड तुझी."

एजेंनी वाटी उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. हात धुवायचे राहून गेले होते, हे त्यांना घरी गेल्यावर आठवलं.

शेरगाझीला हे सांगितलं तेव्हा तो दोन्ही हात वर करून म्हणाला, "एजे, आता काही बोलू नका. अहवाल गेलाय."

"अहवाल माझ्याच पेन ड्राइव्हवरून गेलाय, शेरगाझी."

हे समजायला त्याला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो खुर्चीत खाली सरकला. मग म्हणाला, "जिल्ह्याचं जिल्हा बघेल. आणि तुमचं सन्मानपत्र छापून आलंय."

सन्मानपत्र बुधवारच्या बैठकीत दिलं गेलं. एजेंनी ते घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं, आणि मग उभ्या राहून म्हणाल्या, "यात एक चूक आहे. साथीचा उगम मी आहे. एसेनकुल, मी तुझं नाव सगळ्यांसमोर घेतलं होतं, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते."  एसेनकुलनं टोपी काढली. "एजे," तो म्हणाला, "माझा पेन ड्राइव्ह परत द्या. त्यात भाचीच्या लग्नातली घोड्यांची शर्यत आहे."

उपायही एजेंनीच ठरवला. एकेक करून बरं करण्यात अर्थ नाही, एक बरा होईपर्यंत दुसरा त्याला परत देतो. सगळे एकाच दिवशी. पुढच्या शनिवारी सांस्कृतिक भवनात बेगिमाय आणि तिच्या दोन वर्गमैत्रिणी बसल्या, चारी ठिकाणचे आणि कचेरीचे संगणक गाडीत घालून आणले गेले, आणि गावाला निरोप गेला, की पेन ड्राइव्ह घेऊन या. लोकांनी ते लपवले, जशी पूर्वी लस टोचायच्या दिवशी मुलं लपवत. एजे दारोदार गेल्या. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट पेन ड्राइव्ह तपासले गेले. सगळ्यांत शेवटी शेरगाझी आला, आणि इकडेतिकडे बघून त्यानं खिशातून दोन काढले. बेगिमायनं दुसऱ्यात काय आहे ते विचारलं नाही, आणि हा तिचा मोठेपणा होता. भवनाबाहेर आयिमकाननं मोठी कढई मांडून भात शिजवला होता. पहिलं ताट एजेंनी मागून घेतलं. मग रांग लागली.

नोव्हेंबरात जिल्ह्याचं परिपत्रक आलं. जिल्हा कचेरीतल्या संगणकांमध्ये अज्ञात उगमाची साथ पसरली आहे, तरी प्रत्येक तालुक्यानं माहिती द्यावी. एजेंनी उत्तर हातानं लिहिलं. उगम ज्ञात आहे, तो मी, तारीख अमुक, मार्ग अमुक, आणि मूळ तुमच्याच प्रशिक्षण वर्गात आहे. खाली सही केली आणि कागद प्रवासी व्हॅनच्या ड्रायव्हरबरोबर धाडला. आठ दिवसांनी उत्तर आलं. कागदी अहवाल ग्राह्य धरला जात नाही, तरी माहिती पेन ड्राइव्हवर सादर करावी.

एजेंनी नवा पेन ड्राइव्ह घेतला, बेगिमायकडून तपासून घेतला, अहवाल त्यावर उतरवला आणि पाठवला. यावेळी तो चार दिवसांत परत आला, सोबत आभाराचं पत्र. एजेंनी तो कशातही न खुपसता रुमालात गुंडाळून शाळेत नेला. बेगिमायनं तपासलं. आत पाच प्रकार होते, त्यातले दोन चाट-बुलाकला अजून माहीत नव्हते.

"पुसून टाकू?" बेगिमायनं विचारलं.

"थांब," एजे खुर्ची ओढून घेत म्हणाल्या. "आधी त्यांची नावं सांग."